नाव, गाव, वस्ताद

लालासाहेब : न्हाई न्हाई, पाणी मागनं. आदी गंगाधररावास्नी हाक मारा. कुंडलचा लालासाहेब आलाय म्हणावं. लगेच वळखतील.

अबोली : कुंडलचे... म्हणजे सुभेदार लालासाहेब?

लालासाहेब : बघा! सूनबाई, तुमीसुदिक वळखता. म्हंजी घरात आमचं नाव निघतंय म्हणायचं.

अबोली : निघतं ना. तुम्ही बसा तरी आधी. आणि ती पिशवी खाली ठेवा, जड दिसतेय.

लालासाहेब : गूळ हाय. घरच्या गुऱ्हाळाचा. गंगाधररावांनी इंटरनेटच्या कट्ट्यावर आमास्नी शेअरबाजाराचं एवढं शाणपण शिकवलं, त्यापुढं ही ढेप म्हंजी काय बी न्हाई.

अबोली : बाबा मंडईत गेलेत. सासूबाई वाईला आहेत, भाचीच्या डोहाळजेवणाला, त्यामुळे भाजीचं खातं सध्या बाबांकडे. लवकर यायचे नाहीत. भाजीवालीशी वाद घातल्याशिवाय त्यांची मेथी शिजत नाही.

लालासाहेब : कोपऱ्यावरचा च्यावाला तेच म्हणला! म्या इचारलं, शेअरबाजारवाले गंगाधरराव कुठं ऱ्हात्यात? तर म्हणला, शेअरबाजारवाले कोण न्हाईत बा, एक भांडणारे ऑडिटर हैत, त्ये चालतील का? म्हटलं, चालतील.

अबोली : पण एवढ्या लांब कशाला आलात? दर वेळेसारखा तुमच्या लेकीकडून, राजेश्वरीकडून निरोप टाकायचात कट्ट्यावर.

लालासाहेब : निरोपानं भागंना, म्हणून तर यष्टीत बसलो. तुमी वाचता का त्यो कट्टा?

अबोली : अधूनमधून.

लालासाहेब : मंग त्यो तेजीसम्राट म्हाईत असंल.

अबोली : त्याला कोण विसरेल!

लालासाहेब : आमचं कसं हाय, पोरगी सांगलीला इंजिनेरिंगला. शनिवारी येताना सायबर कॅफेतनं समदा कट्टा कागदावर छापून आणती. मी डेरीच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचतो. ऐकायला समदी रिटायर फौजी. कॉम्प्युटर एकानं बघितला न्हाई, पर गंगाधरराव कुठल्या कंपनीबद्दल काय म्हणले ते तोंडपाठ. आन् हल्ली? हल्ली कागद वाढले आन् वाचायला काय उरलं न्हाई. पानभर नुसतं ‘घ्या घ्या घ्या’ न्हाई तर ‘म्हातारा खुळा झालाय’. त्ये बी मोठाल्या अक्षरात. कवा कवा तर असं काय लिवतो, दुधाला आलेल्या बाया ऐकत असत्यात, मला मधीच खोकावं लागतंय.

अबोली : पुसते की मी रोज. म्हणजे... बाबा पुसतात. सकाळी पुसलं की दुपारी पुन्हा हजर. तेजीसम्राटला बंद केलं तर तेजीचक्रवर्ती होऊन आला. तोही बंद केला, तर आता तेजीसम्राटचे काका म्हणून आलाय.

लालासाहेब : शिव्यांचं मला काय न्हाई. पलटणीत ह्याच्यापेक्षा बऱ्या ऐकल्यात. पर मागच्या खेपेला त्यानं निराळंच लिवलं. म्हणतो, गंगाधर नावाचा माणूसच न्हाई. सातारा-बितारा समदं खोटं, कुणीतरी नाव घिऊन बसलंय. ते वाचलं आन् आमचा केरबा म्हणला, सुभेदार, तुमी बघितलंय व्हय त्यास्नी? म्या कुठं बघितलंय!

अबोली : मग?

लालासाहेब : मंग काय! ती सुलक्ष्मी पाइप कंपनी. नाव बदलून सुलक्ष्मी सॉफ्टेक केलं आन् भाव पळाय लागला. तेजीसम्राट म्हणतो, घरदार इकून घ्या. गंगाधरराव म्हणले, ताळेबंद उघडून बघा, पाइप वाकवायची मशिनं हैत, एक ट्रॅक्टर हाय, कॉम्प्युटर एक बी न्हाई. सॉफ्टवेअर काय ट्रॅक्टरवर करत्यात? त्या एका शब्दावर आमची निम्मी पेन्शन थांबलीया. आता शंका आली, तर सोमवारी समदी सुलक्ष्मी घ्यायला सांगलीला दलालाकडं निघालेत. जायचं का न्हाई, ते मी परत जाऊन सांगणार. मारुतीच्या पायरीला हात लावून बोललोय. डोळ्यानं बघून येतो, आन् जे बघीन तेच सांगतो.

अबोली : सुभेदारकाका, तुम्ही आधी पाणी घ्या.

लालासाहेब : काय झालं? बरं हैत न्हवं गंगाधरराव?

अबोली : ठणठणीत आहेत. पण कट्ट्यावरचे गंगाधरराव ते नाहीत.

लालासाहेब : मंग कोण?

अबोली : मी.

[लालासाहेब तांब्या उचलतात. सगळा रिकामा करून खाली ठेवतात.]

लालासाहेब : समदं तुमीच?

अबोली : सगळं.

लालासाहेब : त्या बोनस शेअरचं समजावून सांगितलं, ते?

अबोली : तेही.

लालासाहेब : दिवाळीला ‘चिरंजीव लालासाहेब, अनेक आशीर्वाद’ आलं हुतं, ते?

अबोली : ...ते जरा जास्तच झालं.

लालासाहेब : आवं, जास्त काय! त्याला मी साष्टांग नमस्कार लिवला हुता! तुमच्या बापाच्या वयाचा हाय मी!

अबोली : माहीत आहे. तो नमस्कार वाचून मला रात्री जेवण गेलं नव्हतं. काका, मी आधी माझ्याच नावानं लिहीत होते. मुंबईवाल्यांचा एक मोठा कट्टा आहे, त्याच्यावर. एका कंपनीच्या कर्जाबद्दल सरळ प्रश्न विचारला, तर उत्तर आलं, ‘ताई, साबुदाण्याची खिचडी मोकळी कशी करायची तेवढं सांगा.’ मग जो तो खिचडीच मागायला लागला. महिनाभर सोसलं. मग हा आपला छोटा कट्टा काढला आणि तोच प्रश्न, जसाच्या तसा, बाबांच्या नावानं टाकला. लगेच, ‘काका, जरा सविस्तर सांगा.’ मग सांगत गेले. तेव्हा वाटलं नव्हतं की कुणी गूळ घेऊन दारात येईल.

लालासाहेब : आता मी गावात काय तोंड दाखवू? खरं सांगितलं तर तेजीसम्राट खरा ठरतो आन् समदी त्येच्या मागं सुलक्ष्मीत जात्यात. खोटं सांगितलं तर मारुतीपुढं मी खोटा. लय अवघड जागी आणून बशिवलं तुमी मला.

अबोली : मला कळतंय ते.

लालासाहेब : कळून काय उपेग?

गंगाधर : अबोली! फोन परत एंगेज! मंडईतनं दोनदा केला, मेथी घेऊ का चुका विचारायला, तर नुसतं टूं टूं टूं. तो तुझा कॉम्प्युटरचा डबा फोनला लागून चालू राहिलाय आत. बिल कोण भरतं त्याचं? ...हे कोण? आणि गूळ कोणी मागवला? मी मागवलेला नाही.

लालासाहेब : जय हिंद, गंगाधरराव. सुभेदार लालासाहेब, कुंडल.

गंगाधर : बसा, बसा. उभे कशाला राहता, मी काही जनरल नाही.

लालासाहेब : एकच इचारतो. सुलक्ष्मी सॉफ्टेकबद्दल तुमचं मत काय?

गंगाधर : कोण सुलक्ष्मी? स्थळ आहे का?

लालासाहेब : कंपनी हाय. शेअर.

गंगाधर : शेअरबद्दल माझं मत विचारायला तुम्ही कुंडलहून आलात? माझं मत चाळीस वर्षं एकच आहे. पोस्टात ठेवा.

अबोली : बाबा, मी सांगते. रागवा हवं तर, पण मधे बोलू नका. इंटरनेटवर आमचा शेअरवाल्यांचा कट्टा आहे. तिथे मी तुमच्या नावानं लिहिते. कंपन्यांचे ताळेबंद वाचून लोकांना सांगते. सुभेदार तुम्हाला भेटायला आलेत, म्हणजे त्या तुम्हाला.

गंगाधर : माझ्या नावानं?

अबोली : हो.

गंगाधर : म्हणजे परवा मंडईत तो मिशाळ माणूस माझ्या पाया पडला आणि ‘काका, वाचवलंत’ म्हणाला, तो त्यातला?

अबोली : असेल.

गंगाधर : मी त्याला ‘सुखी भव’ म्हणून कोथिंबीर दिली! वाटलं, माणूस चुकलाय. अगं, मी जन्मात एक शेअर घेतला नाही, आणि माझ्या नावाचा शेअरबाजारात देव्हारा मांडून बसलीस? काढ ते नाव. आजच्या आज काढ.

अबोली : काढते.

गंगाधर : आणि मला का नाही सांगितलंस?

अबोली : तुम्ही जुगार म्हणता शेअरबाजाराला.

गंगाधर : म्हणतो. अजून म्हणतो. पण सुभेदार, ही लग्न होऊन आली तेव्हा माझी सोसायट्यांची ऑडिटं चालायची. हिला शेजारी बसवून मी ताळेबंद वाचायला शिकवला. आधी मी हिच्या चुका काढायचो. मग ही माझ्या काढायला लागली, तेव्हा मी निवृत्त झालो. आणि तीच विद्या ही रोज लोकांना वाटते, नि शेजारच्या खोलीत बसून मला पत्ता नाही! जुगाऱ्यांना का होईना, कोणी ताळेबंद वाचून दाखवतंय, हे ऐकून मला बरं वाटलं असतं. वाईट वाटलंय मला, अबोली.

अबोली : चुकलं माझं, बाबा. खरंच. कट्टाच बंद करते. तसंही त्या तेजीसम्राटानं जीव नकोसा केलाय. रोज सकाळी घाण उपसायची, नि मग स्वयंपाकाला लागायचं.

गंगाधर : बंदच कर. नाहीतरी दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार आहेत, पेपरात आलंय. चार दिवस आधी शांतता.

लालासाहेब : मैदान बंद करायचं? एक जण बांधावरनं वरडतोय म्हणून?

गंगाधर : कसलं मैदान?

लालासाहेब : आवं, कुंडलचं कुस्त्यांचं मैदान ऐकलं असंल की. ही गर्दी! आन् कुठल्या बी मैदानात, चांगली कुस्ती लागली की कोणतर बांधावरनं वरडतोच, ‘नुरा हाय, नुरा हाय!’ म्हंजी आदीच ठरवून खेळत्यात, खोटी कुस्ती हाय. तवा काय करत्यात? त्येला धरून हाकलत न्हाईत. हाकलला की दुसऱ्या अंगानं आत येतो, तुमच्या त्या चक्रवर्तीवानी.

अबोली : मग?

लालासाहेब : हलगी थांबवत्यात. पंच म्हणतो, पैलवान, खाली या. नाव सांगा, गाव सांगा, वस्ताद सांगा, आन् लंगोट लावा. आला तर जोड लावून देत्यात. न्हाई आला तर समदं मैदान हसतं, आन् हलगी परत चालू. मी पोरवयात एकदा असा वरडलो हुतो.

गंगाधर : मग उतरलात?

लालासाहेब : उतरलो की! आदी आपटी खाल्ली, आन् ज्यानं आपटलं त्येच्याच तालमीत गेलो. तर सूनबाई, तुमी पुसायचं सोडा. कट्ट्यावर लिवा, आजपास्नं जो बोलंल त्येनं खाली सही करायची. नाव, गाव, वस्ताद, म्हंजी ही विद्या कुणाकडनं शिकला. आन् ज्या कंपनीबद्दल बोलतोय तिचे शेअर आपल्याकडं हैत का न्हाईत. तेवढा लंगोट.

गंगाधर : नियम चोख आहे. मला आवडला. पण पहिली सही कोणाची?

अबोली : तेच तर. पहिलीच सही खोटी.

लालासाहेब : ती खरी करायची. मैदान भरवणारा आदी मातीत उतरतो.

अबोली : बाईचं नाव बघितलं की निम्मे निघून जातील, काका.

लालासाहेब : जातील. मी उगं गोड बोलत न्हाई. दिवाळीला साष्टांग नमस्कार लिवलेला मी, मलाच मगाशी तांब्याभर पाणी लागलं.

अबोली : आणि तुमच्या गावातले?

लालासाहेब : त्यास्नी मी बघितलं तेच सांगीन. ऐकतील का न्हाई, त्येची गॅरंटी मी देत न्हाई. पर खोटा जाणार न्हाई, आन् तुमी बी जाऊ नगा.

गंगाधर : चल, लाव तो डबा. चालूच आहे म्हणा. सुभेदार, तुम्ही ही मेथी घ्या पुढ्यात. निवडता येते ना?

लालासाहेब : लंगरमध्ये पलटणीची निवडलीया.

अबोली : वाचून दाखवते हं. ‘इतके दिवस मी माझ्या सासऱ्यांच्या नावानं लिहीत होते. त्यांना ते माहीत नव्हतं. चूक माझी आहे. ताळेबंद मात्र मी स्वतः वाचलेले आहेत. सुलक्ष्मीबद्दल लिहिलं त्यातला शब्दही बदलत नाही. माझं नाव बघू नका, कंपनीचा अहवाल उघडून तुम्हीच बघा. आजपासून सगळ्यांनी खाली सही करायची, ती अशी. नाव, अबोली. गाव, सातारा. सुलक्ष्मीचे शेअर, एकही नाही. वस्ताद...’

गंगाधर : थांबलीस का?

अबोली : तुम्हीच म्हणालात, नाव काढ.

गंगाधर : वरचं काढ म्हटलं. खाली लिहायला मी कधी नाही म्हटलं?

अबोली : बाबा...

गंगाधर : रडतेस काय, बिल चढतंय तिकडे. लिही.

लालासाहेब : आन् खाली माझं बी घ्या. ‘गंगाधररावास्नी बघाय आलो. गंगाधरराव हैत. खरे हैत. भाजीवालीशी भांडत्यात. पर लिवणारी त्यांची सून हाय, आन् ती त्यांच्याच हाताखाली तयार झालीया. नाव लालासाहेब, गाव कुंडल, वस्ताद धुळाआप्पा. शेअर काय न्हाईत, गूळ हाय.’

अबोली : भाजीवालीचं लिहू?

लालासाहेब : लिवा. डोळ्यानं बघितल्याशिवाय असलं कोण सांगणार?

गंगाधर : बघितलंत कुठे तुम्ही? चहावाल्यानं सांगितलं असेल. खोडा ते.

लालासाहेब : बरं, ‘भांडत्यात असं ऐकलं’ लिवा.

अबोली : गेलं. सगळं गेलं. मी आता स्क्रीनकडे बघत नाही, भाकरी टाकते.

गंगाधर : टाक. सुभेदार जेवूनच जातील. काड्या फार ठेवताय हो तुम्ही मेथीला.

लालासाहेब : तुमी भाजीवालीचा राग माझ्यावर काढू नगा.

अबोली : बाबा, जरा बघता का काही आलंय का?

गंगाधर : मी? मला नाही येत तो उंदीर चालवायला. तूच बघ. पिठाचे हात पुस आधी.

अबोली : आलंय. पुष्कळ आलंय. पहिलाच एक म्हणतो, ‘बाईकडून शेअरबाजार शिकायची वेळ आली, राम राम.’ गेला. नाव नाही, गाव नाही.

लालासाहेब : त्येला राम राम घाला.

अबोली : दुसराही गेला. हा तर रोज सकाळी पहिला ‘काका, नमस्कार’ घालायचा.

गंगाधर : वाईट वाटतंय?

अबोली : वाटतंय. ...हे आकाराम, आष्ट्याचे. ‘ताई, नियम मान्य. वस्ताद नाही, चुलत्यानं शिकवलं, चालेल का?’

लालासाहेब : चालतंय की! चुलता म्हंजी काय परका हाय व्हय?

अबोली : आणि हे बघा! ‘नाव, मयूरी. गाव, रहिमतपूर. मी इतके दिवस कट्ट्यावर मयूरेश या नावानं लिहीत होते.’

लालासाहेब : आयला! अजून कोण कोण हाय ह्यातलं? त्या मयूरेशला मी ‘गड्या’ म्हणत हुतो!

गंगाधर : साष्टांग नाही ना घातलात? मग ठीक आहे.

अबोली : बाबा, तो आलाय.

गंगाधर : कोण?

अबोली : तेजीसम्राट.

लालासाहेब : वाचा. मी खोकाय तयार हाय.

अबोली : मोठी अक्षरं नाहीत या खेपेला. शिवीही नाही. एवढंच लिहिलंय, ‘सुलक्ष्मीच्या अहवालात मशिनांची यादी कुठल्या पानावर आहे? माझ्याकडे शेअर आहेत. फार आहेत.’

गंगाधर : अस्सं. म्हणून ओरडत होता तर. स्वतःलाच ऐकू जावं म्हणून.

लालासाहेब : सही हाय?

अबोली : नाव नाही. वस्ताद नाही. गाव आहे नुसतं. विटा.

गंगाधर : मग पुसून टाक. पहिल्याच दिवशी नियम मोडला तर उद्या कोण विचारेल?

अबोली : नको बाबा. पान सांगते त्याला. घाबरलाय तो.

लालासाहेब : सांगा, सांगा. गाव आलं न्हवं? नाव येतंय मागनं.